मुलूखमैदानचा उस्ताद

विजापूरच्या पश्चिम तटावर, शेरझा बुरुजावर, मुलूखमैदान तोफ ठेवलेली आहे. तिचं नाव मराठी माणसाला लहानपणापासून माहीत असतं. सभा गाजवणाऱ्या पुढाऱ्यालाही आपण तेच नाव देतो. पण ही तोफ घडली कुठे असं विचारलं, तर बहुतेक जण विजापूरच म्हणतील. खरं उत्तर आहे नगर. हिजरी ९५६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५४९ मध्ये, बुऱ्हाण निजामशहाच्या अहमदनगरात, आजच्या अहिल्यानगरात, ती ओतली गेली. तिच्यावरच्या फारसी मजकुरात दोन नावं आहेत. एक नाव सुलतानाचं. दुसरं ती ओतणाऱ्याचं: मुहम्मद बिन हसन रूमी.

सुलतानानं आपलं नाव तोफेवर घालावं, यात नवल काही नाही. कारागिराचं नाव त्याच धातूवर यावं, हे मात्र लक्षात घेण्यासारखं आहे. मध्ययुगात किल्ल्यांचे तट रचणारे गवंडी, पाण्याच्या नळांची आखणी करणारे जाणकार, दगडात जाळ्या कोरणारे पाथरवट बहुतेक निनावीच राहिले. तोफ ओतणाऱ्याचा दर्जा वेगळा होता. त्याची विद्या फार थोड्यांना अवगत होती आणि राज्य टिकणं-बुडणं त्या विद्येवर येऊन ठेपलं होतं.

नगरच्या तोफेनंतर सदतीस वर्षांनी, १५८६ मध्ये, मॉस्कोतही एक अजस्र तोफ ओतली गेली. तिला ‘त्सार तोफ’ म्हणतात. तिच्यावरही राजासोबत ओतकाराचं नाव आहे: आंद्रेई चोखोव. एकाच शतकातले हे दोन उस्ताद एकमेकांना ओळखत नव्हते, पण कांशाशी दोघांचाही झगडा एकाच प्रकारचा होता. दोघांना शेजारी उभं केलं की शस्त्रविद्येबद्दलची एक मोठी गोष्ट स्पष्ट होते. उस्ताद पैसे देऊन आणता येतो, परंपरा मात्र घरातच वाढवावी लागते.

रूमी आले कुठून

१४५३ मध्ये उस्मानी सुलतान दुसऱ्या मेहमदानं कॉन्स्टँटिनोपल जिंकलं. त्या वेढ्यात ऑर्बान नावाच्या हंगेरियन ओतकारानं केलेल्या प्रचंड तोफेनं नाव कमावलं. मेहमदानं पुढे इस्तंबूलला तोफांचा सरकारी कारखानाच उभारला. १४६४ मध्ये मुनीर अली या ओतकारानं बनवलेली एक तोफ आज इंग्लंडमध्ये जपलेली आहे. पाच मीटरांहून लांब असलेली ही तोफ दोन भागांत ओतली होती आणि ते भाग आट्यांनी एकमेकांत बसवता येत. वाहतुकीची अडचण ओतकारांना सुरुवातीपासून सतावत होती, हे त्यावरून कळतं.

उस्मानी मुलखातून आलेल्या माणसाला हिंदुस्थानात ‘रूमी’ म्हणत आणि सोळाव्या शतकात अशा माणसांना इथं मोठी मागणी होती. पानिपतच्या १५२६ च्या लढाईत बाबराच्या तोफा उस्ताद अली कुली आणि मुस्तफा रूमी यांच्या हाती होत्या. १५३१ मध्ये मुस्तफा नावाचा दुसरा एक उस्मानी सरदार गलबतं घेऊन दीवला आला. गुजरातच्या बहादूरशहानं त्याला ‘रूमीखान’ हा किताब दिला. चार वर्षांनी धन्याचा पडता काळ आला तेव्हा तोच रूमीखान हुमायूनला जाऊन मिळाला आणि हुमायूननंही त्याला मानानं ठेवून घेतलं. कालपर्यंत शत्रूच्या तोफा डागणाऱ्याला आज आपल्या तोफखान्यावर नेमायचं, इतकी ही विद्या दुर्मीळ होती.

‘रूमीखान’ हा किताब होता, एकाच माणसाचं नाव नव्हतं. त्यामुळे दख्खनच्या इतिहासात एकाहून अधिक रूमीखान भेटतात आणि त्यांची सरमिसळ होते. तोफेवर ज्याचं नाव आहे तो मुहम्मद बिन हसन. सोळा वर्षांनी तालिकोटच्या रणांगणावर निजामशाही तोफखाना चालवणारा म्हणून इतिहासकार फरिश्ता ज्याचा उल्लेख करतो तो चलबी रूमीखान. दोघांना एकच समजण्याची सवय आपल्याकडे रूढ आहे. पण तोफ ओतणं आणि ती रणांगणावर चालवणं ही दोन वेगळी कामं आहेत, म्हणून ही नावंही वेगळी ठेवलेली बरी.

बुऱ्हाणशहाचं नगर

मलिक अहमदनं बहमनी सैन्याचा भिंगारजवळ पराभव केला आणि तिथंच १४९४ मध्ये नवं शहर वसवायला घेतलं. त्याचा मुलगा बुऱ्हाण सात वर्षांचा असताना गादीवर बसला आणि १५५३ पर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ, त्यानं राज्य केलं. या काळात नगर हे दख्खनमधलं एक झगमगतं शहर झालं. इराण, अरबस्तान, तुर्कस्तान, ॲबिसिनिया अशा चहूकडून माणसं इथं येत होती. निजामशाहीकडे चौलचं बंदर होतं. घोडे, कापड आणि धातू त्या वाटेनं घाटावर चढत.

सोलापूरच्या किल्ल्यावरून निजामशाही आणि आदिलशाही यांचं वैर पिढ्यानपिढ्या चाललं. वऱ्हाड, बीदर, गोवळकोंडा, विजयनगर यांच्याशी तह आणि तंटे आलटून पालटून होत. दख्खनची लढाई म्हणजे मुख्यतः किल्ल्यांची लढाई. तट फोडता आला पाहिजे आणि तटाशी येणाऱ्याला थोपवता आलं पाहिजे. मोठ्या तोफेची गरज या दोन्हींतून निर्माण झाली. शिवाय अशी तोफ नुसती असणं हासुद्धा दरारा होता. शेजाऱ्याच्या वकिलानं परत जाऊन तिचं वर्णन करावं, हेही तिचं कामच होतं.

नगरच्या मक्का मशिदीशी एका रूमीखानाचं नाव परंपरेनं जोडलेलं आहे. आपल्या कमाईतून मशीद बांधू शकणारा तोफखान्याचा माणूस दरबारात कुठल्या पायरीवर बसत असेल, याचा अंदाज त्यावरून येतो.

भट्टीपाशी

मोठी तोफ ओतणं म्हणजे काय, याचं जवळून पाहिलेलं वर्णन त्याच काळातल्या बाबरानं लिहून ठेवलं आहे. मुहम्मद बिन हसनच्या कामाची कल्पना येण्यासाठी याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही.

ऑक्टोबर १५२६. आग्रा. बयाना आणि इतर किल्ले फोडण्यासाठी बाबरानं उस्ताद अली कुलीला मोठी तोफ ओतायला सांगितली होती. साचा तयार झाला. त्याच्याभोवती आठ भट्ट्या मांडल्या. प्रत्येक भट्टीच्या तळापासून साच्यापर्यंत एकेक पाट काढलेला. तोंडं उघडली तसा वितळलेला धातू पाण्यासारखा साच्यात धावू लागला. पण साचा भरायच्या आतच एकेका भट्टीतला ओघ आटत गेला. भट्टीत खोट होती की धातूचा हिशेब चुकला होता, ते कळेना. अली कुली इतका खचला की वितळलेल्या धातूत उडी घ्यायला निघाला. बाबरानं त्याची समजूत घातली आणि मानाचा पोशाख देऊन त्याला सावरलं. एक-दोन दिवसांनी साचा निवल्यावर तो उघडला, तर गोळ्याची नळी निर्दोष निघाली होती. दारूचा कोठा वेगळा ओतून जोडणं सोपं होतं. पुढच्या फेब्रुवारीत त्या तोफेचा गोळा सोळाशे पावलांवर जाऊन पडला आणि उस्तादाला खंजीर, पोशाख आणि घोडा बक्षीस मिळाला.

या कामात दुसरी संधी नसते, हे त्या प्रसंगातून समजतं. कोरीवकामात एक छिन्नी चुकली तर ती पुढे झाकता येते. ओतकामात सगळी तयारी महिनोन्‌महिने चालते आणि निकाल काही मिनिटांत लागतो. आधी मातीचा गाभा करायचा. तोफेची पोकळी त्याच्यामुळे राहते. मग बाहेरचा साचा. दोन्ही आतपर्यंत ठणठणीत वाळलेले हवेत. मातीत ओल राहिली तर तापलेल्या धातूनं तिची वाफ होते आणि साचा फुटतो, किंवा धातूत बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात. गाभा केसभर जरी सरकला तरी एका बाजूची भिंत पातळ होते आणि तोफ पहिल्याच बाराला आपल्याच माणसांवर फुटते. साचा सहसा खड्ड्यात उभा पुरतात आणि भोवती माती ठासतात, नाहीतर धातूच्या भारानं तो फाकतो. तोफेची बूड-बाजू खाली ठेवतात. दारूचा धक्का तिलाच सोसायचा असतो आणि वरच्या धातूच्या वजनानं खालचा धातू घट्ट, निबर होतो.

आता मुलूखमैदानची मापं पाहा. लांबी सुमारे ४.४ मीटर. बाहेरचा व्यास सुमारे दीड मीटर. नळीचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर, म्हणजे आत माणूस सहज बसेल इतका. वजन सुमारे ५५ टन सांगतात. हा आकडा पटण्यासारखा आहे का, हे आपणही ताडून पाहू शकतो. एवढ्या लांबी-रुंदीच्या भरीव दंडगोलाचं आकारमान जवळजवळ पावणेआठ घनमीटर होतं. नळीची पोकळी वजा केली की सव्वासहा-साडेसहा घनमीटर धातू उरतो. कांशाचा एक घनमीटर पावणेनऊ टनांच्या आसपास भरतो. गुणाकार पंचावन्न टनांच्या जवळच येतो.

अली कुलीला आठ भट्ट्या अपुऱ्या पडल्या होत्या. नगरच्या उस्तादाला पंचावन्न टन धातू एकाच वेळी पातळ ठेवून, ओघ न तोडता, एका साच्यात उतरवायचा होता. किती भट्ट्या पेटल्या असतील, किती गाड्या कोळसा लागला असेल, भाते मारणारे किती हात राबले असतील! या हातांची नावं कुठे कोरलेली नाहीत. घंटा, टाळ, घुंगरं, समया ओतणारे ओतारी आणि भांडी घडवणारे तांबट या मुलखात पूर्वापार आहेत. परदेशी उस्तादाच्या हाताखाली इथलीच माणसं राबल्याशिवाय एवढं काम उठणं शक्य नव्हतं.

काशाच्या वाटीचा धातू

तोफेच्या धातूत साधारण ऐंशी टक्के तांबं आणि वीस टक्के कथील आहे. तळपायाला तूप चोळायला घरोघरी जी काशाची वाटी असते, तिचा धातू जवळजवळ हाच. वाटीवर चमचा मारला की ती खणखणते. मुलूखमैदानवर थाप मारली की तीही घंटेसारखा नाद देते. तिचा पृष्ठभाग अजूनही गुळगुळीत आणि चकचकीत आहे.

तोफेसाठी हे प्रमाण नेहमीचं नव्हे. युरोपातल्या तोफांमध्ये कथील साधारणपणे दहा टक्क्यांच्या आसपास असे. कथील वाढलं की धातू कडक होतो, पण ठिसूळही होतो. मग या उस्तादानं एवढं कथील का घातलं? एक कारण भट्टीत सापडतं. शुद्ध तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं. वीस टक्के कथील मिसळलं की मिश्रण नऊशे अंशांच्या खालीच पूर्ण पातळ होतं आणि साच्याच्या कानाकोपऱ्यात सहज धावतं. पंचावन्न टन धातू निवायच्या आत ओतून संपवायचा असेल, तर हा फायदा फार मोठा. ठिसूळपणावरचा उतारा त्यानं जाडीत शोधला. नळीच्या चारी बाजूंना सुमारे चाळीस सेंटिमीटर जाड भिंत ठेवली. तोफ साडेचार शतकांनंतरही धड आहे, याचं श्रेय त्या जाडीला द्यावं लागेल.

कथील दख्खनमध्ये पिकत नाही. त्या काळी त्याचा मोठा पुरवठा मलाया द्वीपकल्पातून समुद्रमार्गे होई. म्हणजे नगरच्या भट्टीत मलायाचं कथील, उस्मानी विद्या आणि नगरी मजुरांचे हात एकत्र आले असणार. त्या शतकातलं जग आपण समजतो त्याहून कितीतरी जोडलेलं होतं.

तोफेचं तोंड म्हणजे सिंहाचा उघडा जबडा. दातांच्या मधे दोन्ही बाजूंना चिरडला जाणारा हत्ती दाखवला आहे. दख्खनच्या किल्ल्यांच्या दरवाजांवर हत्तीला पंजाखाली दाबणारा शरभ किंवा सिंह कोरलेला आपण अनेकदा पाहतो. हा दख्खनी मुलखाचा जुना सांकेतिक ठसा आहे. परदेशातून आलेल्या उस्तादानं तो उचलला आणि तोफेच्या तोंडाशी आणून बसवला. दारूचा लोळ आणि धूर त्या जबड्यातून बाहेर पडताना समोरच्याची काय अवस्था होत असेल!

तालिकोटची तांब्याची नाणी

नळीचा व्यास पाहता बसाल्टचा एक गोळा जवळजवळ पावणेपाचशे किलो भरेल. एवढा गोळा फार लांब जात नाही आणि दर तासाला मोजकेच बार निघतात. या जातीच्या तोफेचा दुसरा उपयोग अधिक भयंकर होता. तिच्यात गोटे किंवा धातूचे तुकडे भरून ती अगदी जवळून डागायची.

२३ जानेवारी १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत नेमकं हेच घडल्याचं फरिश्ता सांगतो. फरिश्ता स्वतः नगरला वाढलेला आणि एके काळी निजामशाहीच्या चाकरीत असलेला. बुऱ्हाणचा मुलगा हुसेन निजामशहा विजयनगरविरुद्ध एकवटलेल्या दख्खनी शाह्यांच्या मधल्या फळीत होता. चलबी रूमीखानानं सहाशे तोफा तीन रांगांत मांडल्या. पुढे मोठ्या, मग मध्यम, मागे जंबुरे, म्हणजे लहान तोफा. समोर दोन हजार तिरंदाज उभे करून त्यानं या रांगा झाकून टाकल्या. विजयनगरचं सैन्य चालून आलं तसे तिरंदाज बाजूला झाले आणि तोफा धडाडल्या. पुढच्या हल्ल्यात शत्रू जवळ भिडला तेव्हा तोफांत तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या भरून मारा केला. पाच हजार माणसं पडली, असा आकडा तो देतो.

परंपरा सांगते की त्या तोफांत मुलूखमैदानही होती. पंचावन्न टनांचं धूड नगरहून कृष्णेपलीकडे, नद्या ओलांडत, धावपळीच्या मोहिमेत नेणं जवळजवळ अशक्यच वाटतं. बुरुजावर बसून तटाशी आलेल्यांना झोडपणं हेच तिच्या घडणीला साजेसं काम. नाण्यांच्या माऱ्याची आठवण इतकी दाहक होती की लोकांनी ती सगळ्यात मोठ्या तोफेच्या नावावर जमा केली असावी.

पाच हजार हा आकडा वाचून पुढे जाता येत नाही. भट्टीपाशी जे कौशल्य वाटतं, ते रणांगणावर माणसांच्या चिंधड्या होऊन दिसतं. शस्त्रकर्त्याचं चरित्र लिहिताना या दोन्ही बाजू एकाच पानावर असल्या पाहिजेत.

मॉस्कोचा उस्ताद

आंद्रेई चोखोवची कारकीर्द मॉस्कोच्या सरकारी तोफ-कारखान्यात गेली. कश्पीर गानुसोव हा त्याचा गुरू. चोखोवच्या नावाची पहिली तोफ १५६८ ची, भयंकर इव्हानच्या राज्यातली. मृत्यू १६२९ चा. मधली साठ वर्षं तो ओततच राहिला. इव्हान गेला, फ्योदर गेला, बोरिस गोदुनोव आला आणि गेला, देशात यादवी माजली, पोलिश फौजा मॉस्कोत शिरल्या, शेवटी रोमानोव घराणं गादीवर बसलं. कारखान्यातला उस्ताद तोच होता. त्याच्या तोफांना नावं असत: सिंह, लांडगा, एकशिंगी, ट्रॉयलस, अकिलीस. त्याचे दोन ‘लांडगे’ स्वीडिश सैन्यानं जिंकून नेले आणि ते आजही स्वीडनमधल्या ग्रिप्सहोम किल्ल्यावर उभे आहेत.

१५८६ ची त्सार तोफ हे त्याचं सर्वांत गाजलेलं काम. वजन सुमारे ३९ टन, लांबी ५.३४ मीटर, नळीचा व्यास ८९ सेंटिमीटर. नगरची तोफ वजनाला तिच्याहून भारी आहे; तोंड मात्र मॉस्कोच्या तोफेचं मोठं. तिच्याशेजारी रचलेले लोखंडी गोळे आणि खालचा नक्षीदार गाडा १८३५ मधली सजावट आहे. मुळात तीही दगडी तुकड्यांचा मारा करायला, शहराच्या वेशीवरचा हल्ला मोडायला केलेली. मुलूखमैदानची ती सख्खी बहीण शोभावी.

चोखोवनं घंटाही ओतल्या. १६२२ मधली त्याची ‘रेऊत’ ही घंटा तीस टनांहून भारी असून आजही क्रेमलिनमध्ये आहे. १८१२ मध्ये नेपोलियनच्या माघार घेणाऱ्या सैन्यानं घंटाघर उडवलं तेव्हा ती खाली कोसळली, तिचे कान तुटले, पण नाद बिघडला नाही. तोफ आणि घंटा यांचा धातू एक, भट्टी एक, हातही तेच. म्हणून त्यांची अदलाबदल इतिहासात सतत होत आली. नार्वाच्या पराभवानंतर पीटर द ग्रेटनं चर्चच्या घंटा वितळवून तोफा केल्या. इकडे वसईच्या १७३९ च्या विजयानंतर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत टांगल्या गेल्या. भीमाशंकरची घंटा त्यांतलीच.

चोखोव आणि आपला रूमी उस्ताद यांच्या कसबात डावं-उजवं करता येणार नाही. फरक त्यांच्या मागे काय उभं होतं आणि मागे काय राहिलं, यात आहे. चोखोवला गुरू कारखान्यात मिळाला आणि त्याचे शिष्य त्याच कारखान्यात तयार झाले. राजे बदलले तरी भट्टी विझली नाही. रूमी उस्ताद उस्मानी शाळेचं फळ होता. नगरला ते फळ मिळालं, झाड मात्र लागलं नाही. त्याच्या तोफेच्या तोडीची दुसरी तोफ नगरला झाली नाही. दख्खनच्या राज्यांनी पुढची दोन-अडीचशे वर्षंही हाच मार्ग धरला. नगर जिल्ह्यातल्या जामगावला ज्यांचा वाडा आहे त्या महादजी शिंद्यांनी आग्र्याला उत्तम तोफांचा कारखाना काढला, तोही सँगस्टर या स्कॉटिश माणसाच्या हाती. महादजींच्या पश्चात, १८०३ मध्ये असईच्या लढाईत शिंद्यांच्या तोफांनी इंग्रज सेनापती वेलस्लीला घाम फोडला, पण त्या लढाईच्या आधीच शिंद्यांचे बरेचसे युरोपीय अधिकारी त्यांना सोडून गेले होते.

तोफेची वणवण

नगरहून मुलूखमैदान परांड्याच्या किल्ल्यात गेली. निजामशाही मोडकळीला आल्यावर परांडा आदिलशाहीकडे गेला आणि १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं तोफ विजापूरला हलवली. दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसं लागल्याचं सांगतात. तिच्यासोबतची कडक बिजली ही तोफ वाटेत नदीत बुडाली, अशी आख्यायिका आहे. १६८६ मध्ये औरंगजेबानं विजापूर घेतलं आणि तोफेवर आपल्या विजयाचा लेख कोरवला. तिसरं नाव त्या धातूवर चढलं.

मग आला १८५४ चा लिलाव. इंग्रज सरकारनं विजापुरातला निरुपयोगी माल विकायला काढला, त्यात ही तोफही होती. सर्वांत मोठी बोली आली दीडशे रुपयांची. इतक्या मोलाची वस्तू इतक्या कमी किमतीत देणं स्थानिक अधिकाऱ्याला पटलं नाही, त्यानं तसं वर कळवलं आणि तोफ वाचली. बोली चांगली आली असती तर सिंहाच्या जबड्यासकट सगळं कांसं मोडीत जाऊन वितळलं असतं.

नगरची नवी भट्टी

दगडी गोळ्याच्या जागी लोखंडी गोळा आला, दारू सुधारली आणि अशा अजस्र तोफांचा काळ संपला. गोळ्याचा वेग दुप्पट झाला की त्याची मारकशक्ती चौपट होते, म्हणून लहान आणि वेगवान गोळा मोठ्या व मंद गोळ्याला भारी पडतो. आजच्या अर्जुन रणगाड्याच्या तोफेचा व्यास फक्त १२० मिलिमीटर आहे, मुलूखमैदानच्या सहाव्या हिश्श्याएवढा.

हा अर्जुन नगरला घरचाच. चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र इथं आहे, वाहन संशोधन करणारी व्हीआरडीई ही संरक्षण प्रयोगशाळा इथं आहे आणि १९९४ पासूनचं रणगाडा संग्रहालयही इथंच आहे. सप्टेंबर २०२० मध्ये खारे-कर्जुने परिसरातल्या के. के. रेंजवर अर्जुनमधून लेझरच्या साहाय्यानं लक्ष्य गाठणारं रणगाडाभेदी क्षेपणास्त्र डागून पाहिलं गेलं. ते घडवणारी एआरडीई ही संरक्षण प्रयोगशाळा पुण्याची. तिथं गुरू निवृत्त होतो तेव्हा शिष्य टेबलाशी असतो, आराखडे कपाटात असतात, फसलेल्या चाचण्यांच्या नोंदीही जपलेल्या असतात. निजामशाहीला जे जमलं नाही, ते हेच.

मुलूखमैदाननंतर बरोबर चारशे वर्षांनी, १९४९ मध्ये, सोव्हिएत सैन्यानं मिखाईल कलाश्निकोवची रायफल स्वीकारली. तो मूळचा रणगाड्यावरचा सैनिक. १९४१ मध्ये ब्र्यान्स्कच्या आघाडीवर जखमी झाला आणि इस्पितळात बंदुकीचे आराखडे काढू लागला. आयुष्याच्या अखेरीस त्यानं रशियन धर्मगुरूंना पत्र लिहून विचारलं की आपल्या रायफलीनं घेतलेल्या जिवांचा दोष आपल्यावर येतो का. असा प्रश्न पडणं हे शस्त्रकर्त्याच्या मोठेपणाचं लक्षण मानायला हवं. शस्त्र घडवणाऱ्या प्रत्येक संस्थेत, गणिताच्या आणि धातूच्या तासांइतकाच, हाही प्रश्न शिकवला गेला पाहिजे.

नगरनं आपल्या या उस्तादाला शहरात जागा द्यायला हवी. रणगाडा संग्रहालयात किंवा किल्ल्यात त्याच्या तोफेची मापं, धातूचं प्रमाण, ओतकामाची रीत आणि नाण्यांच्या माऱ्यात पडलेल्या माणसांची गोष्ट एकत्र मांडता येईल. मुहम्मद बिन हसन रूमीच्या नावाशेजारी भाते मारणाऱ्या, माती मळणाऱ्या, साचा बांधणाऱ्या नगरी कारागिरांचाही उल्लेख तिथं असावा. उस्ताद बाहेरून आणला यात कमीपणा नव्हता. त्याच्याकडून शिकून घेणाऱ्यांची शाळा उभी केली नाही, हे नुकसान झालं. आपल्या गावात कोणती विद्या येऊन गेली आणि ती का टिकली नाही, हे ज्या गावाला माहीत असतं, त्याच गावात ती पुन्हा रुजते.